लिनक्स लॅपटॉप ४०० मेगाहर्ट्झवर अडकून बसतो तेव्हा

लॅपटॉप सुरू होतो, लॉगिनही होतं, पण माउसचा बाण अडखळत सरकतो. ब्राउझर उघडायला मिनिटभर लागतं. टाइप केलेली अक्षरं आधी उमटतच नाहीत, मग पाच-सहा एकदम येतात. पंखा मात्र शांत असतो आणि तळाला हात लावला तर गार लागतो. या शेवटच्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. मशीन एवढं रखडतंय तरी गार आहे, म्हणजे प्रोसेसर दमलेला नाही, त्याला कुणीतरी खाली दाबून धरलंय.

मी सोलापुरात जुने लॅपटॉप साफ करून, त्यांवर लिनक्स घालून कॉलेजच्या मुलांना देतो. हा दोष इतक्या वेळा समोर आलाय की आता फोनवर वर्णन ऐकूनही पहिली शंका कुठे घ्यायची ते कळतं. तरी प्रत्येक वेळी तपास त्याच क्रमाने करतो, फुकटातल्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर. लोक बहुतेक उलटं करतात. पहिल्याच दिवशी कर्नेलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) पॅरामीटर बदलतात, दुसऱ्या दिवशी सगळं फॉरमॅट करतात, आणि दोष चार्जरच्या पिनमध्ये निघतो.

याच दोषाची आणखी काही रूपं आहेत. तुमचं कुठलं ते आधी ठरवा.

- पहिली दहा-पंधरा मिनिटं मशीन छान चालतं, मग रेंगाळतं.
- चार्जर लावला की हळू, काढला की ठीक. किंवा याच्या बरोबर उलट.
- झाकण मिटून पुन्हा उघडलं की हळू, रीस्टार्ट केलं की ठीक.
- तुम्ही गव्हर्नर (किती वेग मागायचा हे ठरवणारं धोरण) बदलता, पाच मिनिटांनी तो आपोआप जुन्यावर येतो.
- काहीच काम चालू नाही, तरी फ्रीक्वेन्सी (प्रोसेसरचा वेग) वरच राहते, पंखा घोंघावतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते.
- फ्रीक्वेन्सीच्या फाइलीच सापडत नाहीत.

कमांड आणि फाइलींची नावं मी फोनवर सांगतो तशी, उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. ‘स्केलिंग मॅक्स फ्रेक’सारखं दोन-तीन शब्दांचं फाइलनाव असेल तर शब्दांमध्ये अंडरस्कोर द्यायचा. या लेखातल्या जवळपास सगळ्या फाइली एकाच फोल्डरात आहेत: सिस, त्यात डिव्हायसेस, त्यात सिस्टिम, त्यात सीपीयू, त्यात सीपीयू० आणि त्यात सीपीयूफ्रेक. फाइल कॅट कमांडने वाचायची. वाचल्याने काहीही बिघडत नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

दोष फ्रीक्वेन्सीचाच आहे का?

रिकामा बसलेला प्रोसेसर ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झ दाखवत असेल तर तो दोष नाही, तेच त्याचं काम आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज फ्रीक्वेन्सीच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. फ्रीक्वेन्सी खाली आली की व्होल्टेजही खाली आणता येतं, म्हणून बचत दुहेरी होते. कर्नेलमध्ये फ्रीक्वेन्सी बदलण्याची ही सगळी यंत्रणा आहे ती याचसाठी.

म्हणून आकडा कामाच्या वेळीच बघायचा. एका टर्मिनलमध्ये वॉच कमांड लावून प्रॉक फोल्डरातल्या सीपीयूइन्फो फाइलमधल्या मेगाहर्ट्झच्या ओळी दर सेकंदाला दिसतील असं करा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये येस कमांड चालवा आणि तिचं आउटपुट डेव्ह-नलकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलकडे, वळवा. या एका कमांडने एक कोअर पूर्ण कामाला लागतो. थांबवायला कंट्रोल-सी. येस सुरू होताच एखादा कोअर दोन-तीन गिगाहर्ट्झवर गेला तर तुमचा प्रोसेसर निर्दोष आहे. मग टॉप कमांड बघा. मेमरी भरून स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) चालू असेल, किंवा ‘डब्ल्यूए’ हा आकडा मोठा असेल, तर मशीन हार्ड डिस्कची वाट बघतंय. तिथे फ्रीक्वेन्सीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, एसएसडी आणि रॅम बघा.

येस चालू असताना आकडा ४०० किंवा ८०० वरच चिकटून राहिला, तर तुम्ही योग्य लेख वाचताय.

तपासाची दिशा ठरवणारे दोन आकडे

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. लिनक्सचा कर्नेल फ्रीक्वेन्सी ‘ठरवत’ नाही, तो ती मागतो. किती मागायची हे धोरण गव्हर्नरकडे असतं. ती मागणी प्रोसेसरपर्यंत पोचवायचं काम ड्रायव्हरचं. आणि प्रत्यक्षात किती द्यायची हे प्रोसेसर स्वतः ठरवतो: तापमान बघून, विजेची मर्यादा बघून, आणि मदरबोर्डकडून येणाऱ्या ‘हळू हो’ या इशाऱ्याकडे बघून. मागणी आणि प्रत्यक्ष यांतली तफावत पकडली की निम्मा तपास संपतो.

त्यासाठी तीन फाइली वाचा. ‘सीपीयूइन्फो मॅक्स फ्रेक’ म्हणजे हार्डवेअर जास्तीत जास्त किती धावू शकतं. ‘स्केलिंग मॅक्स फ्रेक’ म्हणजे सध्या किती धावायची परवानगी आहे. ‘स्केलिंग कर फ्रेक’ म्हणजे आत्ता किती. तिन्ही आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात, म्हणजे २८००००० हे २.८ गिगाहर्ट्झ.

परवानगीचा आकडाच लहान असेल तर बंधन सॉफ्टवेअरने किंवा बायोसने (लिनक्सच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमने) घातलंय. परवानगी पूर्ण आहे, येस चालू आहे, तरी प्रत्यक्ष आकडा तळाला असेल, तर हार्डवेअर नकार देतंय. तिथे गव्हर्नर शंभर वेळा बदलला तरी ढिम्म फरक पडणार नाही.

प्रत्यक्ष फ्रीक्वेन्सीसाठी माझा विश्वास टर्बोस्टॅटवर आहे. हे साधन कर्नेलच्या सोर्सबरोबरच येतं, सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवायचं. त्यातला ‘बिझी मेगाहर्ट्झ’चा रकाना प्रोसेसरमधल्या मोजणी-रजिस्टरांवरून काढलेला असतो, म्हणजे कोअर जागा असताना खरोखर किती वेगाने चालला ते त्यात दिसतं. काही ड्रायव्हरांच्या बाबतीत ‘स्केलिंग कर फ्रेक’ फक्त शेवटची मागणी दाखवतो आणि माणूस फसतो.

पहिली तपासणी: चार्जर

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. येस चालू ठेवून चार्जर काढा आणि आकड्याकडे बघा. बॅटरीवर येताच आकडा उसळला तर दोष सापडला.

कारण असं. बऱ्याच लॅपटॉपांमध्ये चार्जर स्वतःची ओळख सांगतो, की मी ६५ वॉटचा आहे किंवा ९० वॉटचा आहे. गोल प्लगच्या चार्जरांत ही ओळख मधल्या बारीक पिनमधून जाते. ओळख पटली नाही तर लॅपटॉपमधला कंट्रोलर सावध होतो. किती वीज ओढणं सुरक्षित आहे हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो प्रोसेसरला तळाच्या फ्रीक्वेन्सीवर धरतो आणि बऱ्याचदा बॅटरीही चार्ज करत नाही. मल्टीमीटर लावला तर १९ व्होल्ट बरोबर दिसतात, आणि म्हणूनच लोक चार्जरला सोडून बाकी सगळं तपासत बसतात.

मागच्या उन्हाळ्यात अभियांत्रिकीच्या एका मुलीचा लॅपटॉप आला होता. प्रोजेक्ट चार दिवसांवर आलेला, तिने दोनदा उबुंटू नव्याने टाकून बघितलेलं. मी प्लग खिडकीपाशी उजेडात धरला आणि टॉर्च लावून आत बघितलं. सुईएवढी पिन एका बाजूला झुकून कडेच्या धातूला टेकली होती. माझ्याकडचा दुसरा चार्जर लावला आणि तिच्यासमोर आकडा ३९८ वरून २९०० पार गेला. वाकलेली पिन चिमट्याने सरळ करायचा मोह होतो, पण ती आतून तुटते आणि तुटका तुकडा लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये अडकतो. चार्जर बदला. बदलताना तुमच्या मॉडेलच्या पाटीवर लिहिलेल्या वॉटचा किंवा त्याहून जास्त वॉटचा, व्होल्टेज तेच असलेला घ्या.

टाइप-सी चार्जर असेल तर त्याचे वॉट बघा. मोबाइलच्या चार्जरवर लॅपटॉप चालू राहतो, पण अनेक मॉडेल अशा वेळी असाच वेग कापतात. बायोसच्या माहितीच्या पानावर अनेकदा ‘चार्जर किती वॉटचा’ अशी ओळ असते. तिथे ‘अज्ञात’ असं दिसलं तर निकाल लागला.

बॅटरी पार मेली असेल तेव्हाही काही लॅपटॉप हाच प्रकार करतात. प्रोसेसरला क्षणभर जास्त वीज लागते तेव्हा चार्जरला बॅटरीचा टेकू लागतो. तो मिळणार नाही हे कळल्यावर कंट्रोलर वेग आधीच कापतो.

चार्जर-बॅटरी ठीक वाटत असतील तर जाता जाता एवढं करा: लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. कंट्रोलरमध्ये अडकून राहिलेली स्थिती याने पुसली जाते. झाकण मिटून उघडल्यावर येणारा दोष काही वेळा एवढ्यानेच जातो.

दुसरी तपासणी: पॉवर मोड, आणि एका घरात दोन कारभारी

ग्नोम किंवा केडीई, जो डेस्कटॉप असेल त्याच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड बघा. ‘पॉवर सेव्हर’ निवडला गेला असेल तर ‘बॅलन्स्ड’ करा. टर्मिनलमध्ये पॉवरप्रोफाइल्ससीटीएल चालवलं तर तीच माहिती मिळते, शिवाय परफॉर्मन्स मोडखाली ‘डिग्रेडेड’ अशी ओळ आणि तिचं कारण दिसतं. तापमान वाढलंय किंवा लॅपटॉप मांडीवर आहे, अशी कारणं तिथे येतात. कारण मशीन स्वतःच सांगत असेल तर ते आधी वाचावं.

सेटिंग आपोआप उलटत असेल तर घरात दोन कारभारी आहेत असं धरा. बऱ्याच वितरणांत (उबुंटूसारख्या तयार लिनक्समध्ये) पॉवर-प्रोफाइल्स-डीमन आधीपासून चालू असतो. कुणीतरी बॅटरी वाचवायला टीएलपी टाकलेलं असतं, त्यावर आणखी कुणाच्या सांगण्यावरून ऑटो-सीपीयूफ्रेक. प्रत्येक जण आपापल्या वेळी गव्हर्नर लिहितो: एक सुरू होताना, दुसरा चार्जर लावताना, तिसरा दर काही सेकंदांनी. सिस्टिमसीटीएलने चालू सेवांची यादी काढा, यांतली एकच ठेवा, बाकीच्या बंद करा. कुठली ठेवायची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. साध्या वापराला वितरणाबरोबर आलेली सेवा ठेवा, असं माझं मत आहे. कर्नेल अपडेट झाल्यावर तिची काळजी वितरणवाले घेतात.

टीएलपीच्या सेटिंग फाइलमध्ये एकदा मी कमाल फ्रीक्वेन्सीपुढे २४०० लिहिलेलं पाहिलं. लिहिणाऱ्याला मेगाहर्ट्झ म्हणायचं होतं. कर्नेलने ते किलोहर्ट्झ समजून मर्यादा थेट तळाला आणून ठेवली होती. तीन शून्यांचा फरक, आणि मशीन दोन महिने रांगत होतं.

तिसरी तपासणी: ड्रायव्हर आणि गव्हर्नर

आता ‘स्केलिंग ड्रायव्हर’ आणि ‘स्केलिंग गव्हर्नर’ या फाइली वाचा. इथे गोंधळ सर्वांत जास्त होतो, तोही जुन्या सल्ल्यांमुळे.

२००४ मध्ये कर्नेल २.६.९ बरोबर ऑनडिमांड गव्हर्नर आला. त्या काळात ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे सरळ तळाची फ्रीक्वेन्सी, काम असो वा नसो. मग २०१३ मध्ये ३.९ बरोबर इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर आला. त्याच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये फक्त दोन नावं दिसतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. या ड्रायव्हरचा पॉवरसेव्ह जुन्या पॉवरसेव्हसारखा नाही. काम वाढलं की तो वेग वाढवतो, काम संपलं की कमी करतो, म्हणजे वागणूक ऑनडिमांडच्या जवळची. तरी लोक पॉवरसेव्ह हा शब्द दिसला की दचकतात, परफॉर्मन्स लावतात, आणि मग बॅटरी टिकत नाही म्हणून पुन्हा फोन करतात.

म्हणून आधी ड्रायव्हर बघा. इंटेल-पीस्टेट असेल आणि गव्हर्नर पॉवरसेव्ह असेल तर सगळं ठीक आहे, पुढे चला. एसीपीआय-सीपीयूफ्रेक किंवा इंटेल-सीपीयूफ्रेक असेल आणि गव्हर्नर पॉवरसेव्ह असेल, तर मात्र तोच दोषी आहे. ‘स्केलिंग अव्हेलेबल गव्हर्नर्स’ या फाइलमध्ये काय काय उपलब्ध आहे ते बघा आणि शेडयुटिल निवडा. २०१६ मध्ये ४.७ बरोबर आलेला हा गव्हर्नर थेट शेड्युलरकडून (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या कर्नेलच्या भागाकडून) कामाचा अंदाज घेतो. ऑनडिमांड ठराविक वेळाने डोकावून बघतो, शेडयुटिलला काम येत असतानाच कळतं. गव्हर्नर बदलायची कमांड: सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-सेट, पुढे डॅश-जी आणि गव्हर्नरचं नाव, सगळं सुडो लावून. ती सगळ्या कोअरना लागू होते. एकेका फाइलमध्ये हाताने लिहिलं तर चार कोअर राहून जातात आणि माणूस कोड्यात पडतो.

एएमडीच्या नव्या मशीनवर एएमडी-पीस्टेट दिसेल. तो २०२२ मध्ये ५.१७ बरोबर आला आणि ६.३ पासून त्याला ॲक्टिव्ह मोड मिळाला. त्या मोडमध्येही इंटेलसारखीच परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह ही दोन नावं दिसतात. बायोसमध्ये सीपीपीसी (कर्नेलला प्रोसेसरकडे वेग मागू देणारी सोय) बंद असेल तर हा ड्रायव्हर उभाच राहत नाही आणि कर्नेल एसीपीआय-सीपीयूफ्रेककडे वळतो. मशीन तेव्हाही चालतं, पण वेगाच्या दोन-तीनच पायऱ्या मिळतात.

याच फेरीत दोन फाइली आणखी बघा. सीपीयू फोल्डरातच इंटेल-पीस्टेट नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘नो टर्बो’ हा आकडा १ असेल तर टर्बो (मूळ वेगाच्या वर जायची सोय) बंद आहे. ‘मॅक्स पर्फ पीसीटी’ १०० पेक्षा कमी असेल तर कुणीतरी टक्क्यांत बंधन घातलंय. फक्त टर्बो बंद असेल तर प्रोसेसर मूळ वेगापर्यंत जातो, ४०० वर अडकत नाही. तेव्हा हा भाग लवकर आटपा.

या फोल्डरांत लिहिलेलं रीस्टार्टनंतर पुसलं जातं. याचा फायदा घ्या: आधी असंच लिहून बघा, चुकलं तर रीस्टार्ट करा, आणि दोन दिवस नीट चाललं की मगच सेवेच्या सेटिंगमध्ये कायमचं करा.

सीपीयूफ्रेक फोल्डरच नसेल तर आधी स्वतःला विचारा, हे व्हर्च्युअल मशीन तर नाही ना? पाहुण्या मशीनला सहसा फ्रीक्वेन्सीवर ताबा दिलेला नसतो, तो यजमान मशीनकडे असतो. तिथे शोधाशोध व्यर्थ आहे.

चौथी तपासणी: उष्णता

‘दहा मिनिटं छान, मग हळू’ हे वर्णन ऐकलं की मी थेट इथे येतो. सोलापुरात मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात. पुण्यात डिसेंबरात व्यवस्थित चालणारा लॅपटॉप इथे दुपारी दोनला गुडघे टेकतो.

सेन्सर्स कमांडने तापमान बघा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिप १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. त्याहून चांगला पुरावा म्हणजे सीपीयू० मधला ‘थर्मल थ्रॉटल’ फोल्डर. त्यातला ‘पॅकेज थ्रॉटल काउंट’ हा आकडा सांगतो की मशीन सुरू झाल्यापासून उष्णतेमुळे वेग किती वेळा कापला गेला. आकडा लिहून ठेवा, येस प्रत्येक कोअरवर चालवा, पाच मिनिटांनी पुन्हा वाचा. आकडा वाढला तर संशयाला जागा नाही. डीमेसेजमध्येही (कर्नेलच्या नोंदी दाखवणारी कमांड) तापमान मर्यादेबाहेर गेल्याची नोंद सापडते.

मग आधी जागा बदला. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बंद होते. टेबलावर ठेवा, मागची बाजू पुस्तकाने दोन बोटं उचला. तेवढ्याने भागलं नाही तर तळ उघडून पंखा साफ करा. धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते, पण खरी अडचण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे असते. तिथे लोकरीच्या पट्टीसारखा करडा थर जमतो आणि चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात निघतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा सोडलात तर तो मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. थर्मल पेस्ट पाच-सात वर्षं जुनी असेल तर ती खडूसारखी कोरडी होते. ती बदलायचं काम अवघड नाही, पण कधी केलं नसेल तर पहिला प्रयोग स्वतःच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर करू नका.

पाचवी तपासणी: कर्नेल आणि बायोस

कर्नेल अपडेटनंतर लगेच दोष सुरू झाला असेल तर ग्रबच्या (बूटच्या वेळी येणाऱ्या) मेन्यूतून जुना कर्नेल निवडून बूट करा. जुन्यावर ठीक आणि नव्यावर अडकत असेल तर तो कर्नेलमधला बदल आहे. जुन्यावर थांबा, पुढच्या अपडेटला पुन्हा बघा.

नंतर प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल वाचा. बूटच्या वेळी कर्नेलला काय सांगितलं गेलं ते तिथे असतं. कधीकाळी कुठल्या तरी सल्ल्यावरून घातलेलं ‘इंटेल-पीस्टेट बरोबर डिसेबल’ तिथे अनेकदा सापडतं. ते काढायचं असेल तर ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरातली ग्रब फाइल सुधारा आणि अपडेट-ग्रब चालवा. फेडोरावर ही पद्धत वेगळी आहे, तिथे ग्रबी वापरतात.

स्वतः कर्नेल बांधणाऱ्यांसाठी एवढंच. मेन्यूकॉन्फिगमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या भागात सीपीयू फ्रीक्वेन्सी स्केलिंगचं पान आहे. तिथे मुख्य पर्याय चालू करा. तुमच्या प्रोसेसरचा पीस्टेट ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीला एसीपीआय-सीपीयूफ्रेक, दोन्ही घ्या. मुख्य ड्रायव्हर उभा राहिला नाही तर पडती बाजू दुसरा सावरतो. डीफॉल्ट गव्हर्नर शेडयुटिल ठेवा. ५.९ पासून तो बूट पॅरामीटरनेही ठरवता येतो, त्यासाठी पुन्हा बांधायची गरज नाही. पेंटियम ४ च्या क्लॉक मॉड्युलेशनचा ड्रायव्हर मात्र घेऊ नका. तो फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज खाली आणत नाही, घड्याळाचे ठोके मधेमधे गाळतो. वेग जातो आणि बचत जवळपास काहीच होत नाही.

बायोसमध्ये वेग बदलायच्या सोयी, म्हणजे इंटेलवर स्पीडस्टेप, स्पीडशिफ्ट आणि एएमडीवर सीपीपीसी, चालू आहेत ना ते बघा. शंका असेल तर बायोस डीफॉल्टवर आणा. एसीपीआय-सीपीयूफ्रेक वापरणाऱ्या जुन्या मशीनवर ‘बायोस लिमिट’ नावाची फाइल दिसते. त्यात लहान आकडा असेल तर कमाल मर्यादा बायोसनेच कळवलेली आहे. ती झुगारायला ‘प्रोसेसर डॉट इग्नोर पीपीसी बरोबर १’ असा पॅरामीटर आहे. निदानासाठी एकदा वापरून बघायला हरकत नाही. कायमचा ठेवू नका, कारण बायोसने ती मर्यादा चार्जर किंवा तापमान बघून घातलेली असू शकते.

बायोस अपडेटने हा दोष गेल्याचं मी पाहिलंय, विशेषतः झाकण उघडल्यावर येणारा. पण अपडेट करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही हवं. आमच्याकडे भर दुपारी वीज जाते, आणि अर्धवट लिहिलेल्या बायोसचा लॅपटॉप घरी दुरुस्त होत नाही.

इथे थांबा

एवढं करूनही मशीन गार, परवानगी पूर्ण, दुसरा अस्सल चार्जर लावलेला, आणि तरी येसवर आकडा ४०० वरच असेल, तर मदरबोर्डवरून प्रॉकहॉट नावाचा इशारा येत असणार. ही तार दोन्ही दिशांनी चालते. प्रोसेसर तापला की तो बाहेर सांगतो, आणि बाहेरचा भागही प्रोसेसरला ‘हळू हो’ म्हणू शकतो. काही प्रोसेसरांवर टर्बोस्टॅट सुरुवातीच्या ओळींत वेग कापण्याची कारणं छापतो. तापमान ४५ अंश आणि कारणांत प्रॉकहॉट, अशी जोडी दिसली तर इशारा बाहेरून आलाय.

हा बाहेरचा इशारा ऐकूच नकोस, असं प्रोसेसरला सांगायची युक्ती सगळीकडे फिरते: हेक्स १एफसी या रजिस्टरचा शून्यावा बिट पुसायचा. लॅपटॉप क्षणात पळू लागतो, म्हणून ती मोहात पाडते. मी ती कुणाच्या मशीनवर कायमची ठेवत नाही. तो इशारा विजेच्या सर्किटकडून, बॅटरीकडून किंवा चार्जिंगच्या चिपकडून आलेला असतो, आणि तो खरा आहे की सेन्सर बिघडलाय हे रजिस्टर बघून कळत नाही. खरा असेल तर तुम्ही आगीची घंटा काढून टाकलीत. हे बोर्डवर मोजमाप करणाऱ्या माणसाचं काम आहे.

पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर त्याच्याही आधी थांबा: टचपॅड वर आलेलं किंवा तळाचं झाकण फुगलेलं, म्हणजे बॅटरी फुगलीय, मशीन बंद करा आणि चार्जर लावू नका. चार्जरचं सॉकेट हाताला चटका देतंय. जळका वास येतोय. किंवा कधीतरी चहा-पाणी सांडलं होतं. आणि मशीन वॉरंटीत असेल तर तळ उघडूच नका.

दुरुस्तीला नेताना डेटाची प्रत काढून ठेवा आणि एका कागदावर एवढं लिहून न्या: प्रोसेसरचं मॉडेल, ड्रायव्हर आणि गव्हर्नर, परवानगीचा आकडा, येस चालू असतानाचा प्रत्यक्ष आकडा आणि तापमान, चार्जर काढल्यावर काय झालं, बॅटरी काढल्यावर काय झालं, आणि कुठला दुसरा चार्जर लावून बघितला. हा कागद नसेल तर दुकानात पहिलं उत्तर ‘फॉरमॅट करावा लागेल’ असं मिळतं. कागद असेल तर बोर्डवाला माणूस थेट चार्जिंगच्या भागाकडे मीटर नेतो.